हौसाबाईच्या गव्हावेगळ्या घासाची बखर

श्री. जी प्रत्येकाच्या पानी बसते, परंतु एकास मानवेल ते दुसऱ्यास मानवेलच ऐसे वचन कोणास देत नाही, त्या अन्नमातेस दंडवत.

शके सोळाशे एकोणनव्वद, सर्वजित नाम संवत्सरे, मार्गशीर्षमासी पूर्वेच्या सरहद्दीवर मोठी लढाई पडली, आणि तीत घाटावरील किल्ल्याचे हवालदार जोत्याजीराव शेलार यांचे वडील चिरंजीव रायाजी यांस मांडीत भाला लागून ते छावणीत पडले. जखम चिघळली, ज्वर उतरेना, आणि मग जासूद खबर घेऊन आला की, रायाजी आबांचे आणि बहिणीचे नाव घेतात, भेटीस यावे तर त्वरेने यावे. बहीण म्हणजे हौसाबाई, वय पंधरा. मातोश्री लहानपणीच निवर्तल्या, भावाने तिला अंगाखांद्यावर वाढविले. तिचे शरीर ऐसे की गहू म्हणून सोसत नसे. कण जरी पोटी गेला तरी आतडी पिळवटून निघत, अन्नपाणी ठरत नसे, आणि मग कित्येक दिवस अंथरूण. राजवैद्यांनी नाडी पाहून सांगितले होते, "यास औषध नाही. गहू आणि जव जन्माचे वर्ज्य. गव्हाचा हात लागलेले भांडेही नको." याच कारणे तिची सोयरीक जुळत नव्हती. जी सून पोळी खाणार नाही ती घरी आणून करावयाचे काय, ऐसे लोक बोलत, आणि तिच्या कानी ते जाई.

जोत्याजीरावांनी घोडा सजविला, मुलीस तट्टावर घेतले, नाचणीच्या पिठाची गोणी आणि घरचा तवा ओझ्याच्या बैलावर घातला आणि कूच केले. घाट उतरेपर्यंत सर्व नीट चालले. मग नदी उतरताना ओझ्याच्या बैलाचा पाय निसटला, गोणी पाण्यात गेली, आणि काठावर उघडून पाहतात तो पिठाचा चिखल. हौसाबाईने त्यात हात घातला आणि काढून घेतला.

पुढील मुलूख सारा लष्कराच्या वाटेतला. ज्वारी घोड्यांच्या चंदीस गेलेली, गरिबाघरी जवाच्या कण्या, आणि ज्याचे कोठार भरले त्याच्या कोठारी गहू. मग गावोगाव जोत्याजीरावांनी एकच काम आरंभिले. घोड्यावरून उतरावे, रामराम करावा आणि पुसावे, भाकर कशाची, जात्यावर आधी काय दळले, परातीत कणीक मळली होती काय. एके गावी म्हातारीने चुलीवरची भाकर पुढे केली, तो हे विचारते जाहले, "बाई, भाकर थापताना खाली पीठ कोणते घेतले?" म्हातारी म्हणाली, "गव्हाचंच चिमूटभर, नाहीतर चिकटते." यांनी भाकर परत दिली. म्हातारीने ती पदराखाली घेतली आणि दार लोटले. ओट्यावर बसलेल्यांपैकी एकजण हसून म्हणाला, "पोरीला बाधा दिसते. देवऋष्याला दाखवा." त्या दिवशी मुलीस ताकाखेरीज काही मिळाले नाही.

गाव मागे पडल्यावर हौसाबाई बोलिली, "आबा, तुम्ही चारचौघांत पुसता आणि सगळे माझ्या तोंडाकडे पाहतात. मला मेल्याहून मेल्यासारखे होते."

"लाजेने पोट भरत नाही," जोत्याजीराव म्हणाले.

"पुसूनही भरत नाही," ती बोलिली, आणि तिने तट्टू मागे ठेविले. जोत्याजीराव मागे वळून पाहत. मुलीची मान खाली, ओठ कोरडे, आणि त्यांच्या मनात एकीकडे हे लेकरू आणि एकीकडे छावणीतले ते लेकरू, ऐसी ओढाताण चालली होती.

पुढे परगण्याचे देशमुख नागोजीराव यांच्या घरी मुक्काम पडला. देशमुखांचे कुटुंब सगुणाबाई मोठ्या मायेच्या. त्यांनी मुलीस जवळ घेतले, केसांस तेल लाविले, आणि हौसाबाई कित्येक दिवसांनी हसली. पाने मांडली तेव्हा जोत्याजीरावांनी इतुकेच सांगितले की, मुलीस पोळी चालत नाही. बाईंनी पोळी काढून भात वाढला, वर आमटी वाढली. आमटीत काय घातले हे विचारावयास यांनी तोंड उघडले, तो हौसाबाईने दुरून त्यांच्याकडे पाहिले. त्या डोळ्यांत विनवणी होती. आणि जोत्याजीराव, ज्यांनी किल्ल्यावर तोफेपुढे पाऊल मागे घेतले नव्हते, ते मुलीच्या त्या नजरेपुढे गप्प राहिले. ती पोटभर जेविली. दुसऱ्यांदा मागून जेविली.

पहाटे ती ओकू लागली आणि दुपारपर्यंत तिला उठवेना. सगुणाबाई घाबऱ्या होऊन म्हणाल्या, "पोळी नव्हती हो वाढली! आमटीस दाटपणा यावा म्हणून मूठभर कणीक भाजून लाविली होती, तेवढीच." जोत्याजीरावांनी त्यांस दोष दिला नाही. भिंतीस टेकून बसले. इतक्यात छावणीकडून आलेल्या स्वाराने सांगितले की रायाजींची शुद्ध हरपत चालली. हौसाबाईने ते ऐकिले आणि बापाचा हात धरून म्हणाली, "आबा, तुम्ही पुढे व्हा. दादाला भेटा. मी इथे राहीन." सगुणाबाईही म्हणाल्या, "माझ्या लेकीसारखी सांभाळीन, निर्धास्त जा."

मग जोत्याजीराव घोड्यावर बसले आणि वेशीबाहेर पडले. ओढ्यापाशी घोडा पाण्यास थांबला आणि यांच्या मनात आले, बाई मायेची आहे, आणि मुलीस जरा बरे वाटताच ती तिला तुपात गव्हाचा सांजा करून घालील. मायेनेच घालील. मुलगी लाजेने नाही म्हणणार नाही. त्यांनी पूर्वेकडे एकदा पाहिले, मोठ्याने "रायाजी" ऐसी हाक मारिली, ऐकणारे कोणी नव्हते, आणि घोडा फिरविला. परत येऊन नवे मडके आणविले, स्वहस्ते पेज शिजविली आणि मुलीस चमच्याचमच्याने पाजली. ती रडत होती. म्हणाली, "का आलात?" त्यांनी पुढचा चमचा तिच्या ओठांस लाविला.

मुलगी तट्टावर बसण्याजोगी झाली तेव्हा कूच केले. छावणीत पोहोचले तो रायाजींची राख सावडून झाली होती. त्यांचा सोबती सिदोजी सामोरा आला आणि जोत्याजीरावांच्या पायांवर डोके ठेवून रडला. मग हौसाबाई त्यास पुसती जाहली, "दादा काही बोलला?" सिदोजी तिला राहुटीत घेऊन गेला. कोपऱ्यात कापडाने तोंड बांधलेला एक घडा होता आणि शेजारी नवे कोरे जाते. सिदोजी म्हणाला, "बाई, जासूद धाडला त्याच दिवशी त्यांनी मला हे जाते आणावयास लाविले. म्हणाले, माझी बहीण येते, वाटेत तिचे हाल झाले असतील. यावर नाचणीखेरीज काही दळू नको, आणि घड्यास कोणाचा हात लागू देऊ नको. ज्वरातही पुसत, झाकलेस ना?"

हौसाबाई खाली बसली. "माझ्यामुळे उशीर झाला, आबा."

"तुझ्यामुळे नव्हे," जोत्याजीराव बोलिले. "विचारावयाचे मला होते. मी गप्प बसलो."

मग तिने घड्याचे कापड सोडिले, पीठ मळले आणि भाकरी थापल्या, एक बापास, एक सिदोजीस, एक आपणास. तिघेही राहुटीच्या दारात बसून जेविले. भाकर कशाची, हे कोणास पुसावे लागले नाही.

ऐसे वर्तमान जाहले. त्या लढाईत राज्यास दोन परगणे मिळाले, नगारे वाजले, सरदारांस वस्त्रे मिळाली. शेलारांचा पुत्र गेला, कन्या राहिली. जोत्याजीरावांस पुढे कोणी विचारिले की ओढ्यावरून का फिरलात, तर ते म्हणत, "एक जात होता, एक जगणार होती." इतुकेच म्हणत.