कारखान्यातली एसयूव्ही

मी सुतार. बावीस वर्षं कपाटं करतोय, आणि आजवर माझं एकही कपाट कुणाच्या भिंतीला सूतभरसुद्धा लहान-मोठं झालेलं नाही. त्यामुळे आमच्या जुन्या व्हॅनने एकदाचे डोळे मिटले आणि नवी गाडी कुठली घ्यायची यावरून घरात जुंपली, तेव्हा मी बायकोला म्हटलं, "तू डोकं शिणवू नकोस. शेवटी मापाचा प्रश्न आहे. माझ्यावर सोड."

"आपल्याला कपाट घ्यायचं नाहीये," ती म्हणाली.

तिला मोठी एसयूव्ही हवी होती आणि मला पिकअप. मला मागे चांगला लांबरुंद हौदा हवा, म्हणजे उभं कपाट आडवं घातलं की निघालो. तिला गाडी हवी होती तिच्या आईसाठी. सासूबाई आमच्याकडेच राहतात. त्यांची थोरली बहीण, आक्का, नदीपलीकडच्या गावी असते. दोन तासांची वाट. पण गुडघे धरल्यापासून सासूबाईंना बसची पायरी चढवत नाही, आणि व्हॅनमधली माझ्या शेजारची सीट मी केव्हाच काढून तिथे हत्यारांची पेटी बसवली होती. तीन वर्षं या बहिणी फक्त फोनवर भेटतायत. दर महिन्याला सासूबाई विचारायच्या, "जावईबापू, आक्काकडे कधी?" आणि मी म्हणायचो, "बघू." आज सांगताना लाज वाटते, पण म्हणायचो खरा.

आम्ही शोरूममध्ये गेलो. दोन्ही गाड्या शेजारीशेजारी उभ्या होत्या. एसयूव्ही पाहून मी चपला काढायच्याच बेतात होतो. काय ती उंची, काय ते दार! बंद केलं की आवाजसुद्धा येत नव्हता, नुसती हवा दबल्यासारखी वाटायची. आत तीन रांगा. सगळ्यात मागच्या रांगेतून बायको मला काहीतरी म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, एवढी ती लांब होती. मग पिकअपच्या मागे जाऊन तो हौदा पाहिला. त्यात माझी चार कपाटं शेजारीशेजारी झोपली असती.

मी टेप काढला. सेल्समन म्हणाला, "साहेब, सगळी मापं माहितीपत्रकात आहेत."

"मापाच्या बाबतीत मी माझ्या बापावरही विश्वास ठेवलेला नाही," मी म्हटलं आणि गाडीखाली शिरलो. सीटची जमिनीपासूनची उंची, दाराची रुंदी, छताचा बाक, सगळं वहीत उतरवलं. सेल्समन अर्धा तास टेपचं दुसरं टोक धरून उभा होता.

आता माझी एक पद्धत आहे. मोठं काम असलं की आधी पट्ट्यांचा पूर्ण मापाचा सांगाडा करायचा, त्यात माणूस उभा करून बघायचा, आणि मगच खऱ्या लाकडाला करवत लावायची. तेच इथे करायचं ठरवलं. आधी एसयूव्ही, मग पिकअप. दोन्हींत सासूबाईंना बसवून बघायचं, की विषय संपला.

तीन दिवस मी कारखान्यात एसयूव्ही बांधत होतो. खिळा मारला तर लाज गेली, म्हणून सगळे सांधे खाचा पाडून चिकटवले. दोन पिढ्या हलणार नाहीत असे. बिजागरीवर उघडणारं दार केलं. खऱ्या उंचीची सीट केली, तिला गादी लावली. पूर्ण झाल्यावर चार पावलं मागे सरून पाहिलं आणि माझा मलाच विश्वास बसेना. कारखाना या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत भरला होता. शेजारचा शिंपी पाहायला आला तो आवाज खाली आणून बोलायला लागला.

चौथ्या दिवशी सकाळी सासूबाईंना आणलं. सीट उंच होती. आधी पाटावर, मग स्टुलावर, मग बायकोच्या खांद्यावर हात टेकून त्या कशाबशा चढल्या आणि बसल्या. दार लावून घेतलं. पट्ट्यांच्या खिडकीतून समोर बघितलं आणि त्यांचा चेहरा असा काही खुलला की मी बघतच राहिलो.

"छान आहे हो," त्या म्हणाल्या. "इथून पूल दिसेल. पुलानंतर डावीकडे घ्यायचं, शाळेच्या मागे आक्काचं घर."

बायकोने पदर डोळ्याला लावला. मी मनात म्हटलं, पिकअप गेला. घेऊन टाकू एसयूव्ही.

मग बायको म्हणाली, "आता हे अंगणात काढा. फाटकातून आत येतेय का ते बघू."

मी पुढून धरलं, शिंप्याला मागून धरायला लावलं, आणि कारखान्याच्या दाराकडे पाहिलं. दार सहा फूट. गाडी साडेसहा. जगातलं सगळं मोजून झालं होतं, फक्त स्वतःचं दार राहिलं होतं.

"तरी म्हणत होते," बायको म्हणाली. ती काहीही म्हणत नव्हती, पण ही वेळ वाद घालायची नव्हती, कारण तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. दातांच्या डॉक्टरांचं कपाट न्यायला भाड्याचा पिकअप आला होता. डॉक्टरांचा नवा दवाखाना दुसऱ्या दिवशी सकाळी उघडणार होता. आणि त्यांचं कपाट, तयार, पॉलिश केलेलं, एसयूव्हीच्या मागे भिंतीला टेकून उभं होतं!

ड्रायव्हर आत आला. त्याने सांगाड्याकडे पाहिलं, सांगाड्यातल्या सासूबाईंकडे पाहिलं, आणि टोपी काढून हातात घेतली.

"कापायला लागेल," मी म्हटलं आणि करवत घेतली. "आई, जरा उतरता?"

"नाही."

"आई, कपाट तुमच्या सीटवरूनच बाहेर येणार आहे."

"येऊ दे की. मी नाही उतरणार," त्या शांतपणे म्हणाल्या. "तीन वर्षं तुमचं 'बघू' ऐकतेय, जावईबापू. आक्का ऐंशीची झाली. मागच्या आठवड्यात फोनवर तिला माझा आवाज ओळखू आला नाही. आज गाडीत बसलेय ना, आता आक्काच्या दारातच उतरेन."

माझ्या हातातली करवत मला एकदम जड वाटायला लागली. बायकोने विनवलं, शिंप्याने समजावलं, मी तर हात जोडले. सासूबाई समोर पुलाकडे बघत बसल्या होत्या.

शेवटी ड्रायव्हर खिडकीपाशी गेला. "मावशी, जायचंय कुठे?"

"नदीपलीकडे. शाळेच्या मागे."

"मग मी तिकडेच चाललोय की. दवाखाना शाळेच्या समोरच आहे. चला, माझ्या शेजारी बसा. संध्याकाळी परत सोडतो."

तीन वर्षं! त्या गावच्या गिऱ्हाइकाच्या कपाटावर मी महिनाभर रंधा मारत होतो, आणि हे माझ्या टाळक्यात आलं नव्हतं.

सासूबाई उतरल्या. आम्ही एसयूव्हीचे मधोमध दोन तुकडे केले, कपाट काढलं, हौद्यात चढवलं. मी पाट आणि स्टूल घेऊन धावलो, तोवर सासूबाईंनी पिकअपची कडी धरली होती, एक पाय पायरीवर, दुसरा आत, आणि बसल्या पण! कुणाचा हात नाही, खांदा नाही. मी स्टूल छातीशी धरून रस्त्यात उभा होतो. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी मला हलायचं सुचलं नाही.

संध्याकाळी त्या परत आल्या त्या दहा वर्षांनी लहान होऊन. आक्काने आवाज नाही, पण चाल ओळखली म्हणे. दोघींनी दिवसभर एकमेकींचा हात सोडला नव्हता.

"आता ठरलं, जावईबापू," त्या म्हणाल्या. "पिकअपच घ्या."

मी विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिलं.

"लेक चालवेल," सासूबाई पुढे म्हणाल्या. "शेजारी मी आणि आक्का. तिलाही हिंडायचंय आता. दर रविवारी."

"आणि मी?"

"मागे हौदा केवढा मोठा आहे," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पिकअप नक्की केला. कागदांवर सह्या बायकोने केल्या. हौद्याबरोबर गादी मिळते का, एवढंच मी सेल्समनला हळूच विचारून घेतलं.