दुकान बंद होणार म्हणजे होणार!

या सेलमध्ये बूटवाल्या काकांचा फायदाच फायदा होता. माळ्यावर धूळ खात पडलेले मोहरीच्या रंगाचे टोकदार बूट एकदाचे खपणार होते. त्या बुटांची फॅशन कधी आली होती हे कुणालाच आठवत नव्हतं, आणि ती गेली हे फक्त काकांना माहीत नव्हतं! नव्या मालाला जागा होणार होती. शिवाय समोरचा घड्याळवाला स्वतःच्या रिकाम्या दुकानात बसून काकांच्या रिकाम्या दुकानाकडे बघून हसायचा, त्याचं हसू आटणार होतं. आणि खर्च? एक कापडी फलक. तोही जुनाच!

"सेल लावावा तर मी!" काका आपल्या सेल्समनला सांगत. "'भव्य सवलत' लिहिलं तर कुत्रं फिरकत नाही. 'दुकान बंद होणार' असं लिही, मग बघ! माणसाला स्वस्तात मिळाल्याचा आनंद होतोच, पण दुसऱ्याचं बुडाल्याचा जरा जास्त होतो."

म्हणून काकांचं दुकान दरवर्षी बंद होत असे. एका वर्षी तर दोनदा झालं!

यंदा मात्र फलकाची दुसरी दोरी बांधून होते न होते तोच महापालिकेच्या नव्या निरीक्षक बाई शिडीखाली येऊन उभ्या राहिल्या.

"काका, सेलचा परवाना?"

"अहो बाई, तात्पुरत्या गोष्टीला कसला आलाय परवाना?"

"तात्पुरता."

काका शिडीवरून उतरले ते थेट परवाना विभागाच्या खिडकीशी.

"हंगामी सेल, की दुकान बंद करण्याआधीचा सेल?" कारकुनानं विचारलं.

"स्वस्त कुठला?"

"बंद करण्याआधीचा. फी चौथाई, आणि परवाना आजच्या आज."

"मग बंदचाच द्या की!"

कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं. "अटी वाचून घ्या. नक्की बंद करताय ना?"

"अहो, आज ना उद्या सगळ्यांचंच बंद व्हायचंय!"

कारकुनाला भरून आलं. शिक्कासुद्धा त्यानं हळुवार मारला. अटी वाचायला काकांना वेळ कुठला! त्यांनी परवाना चौकटीत घालून फलकाशेजारी टांगला, आणि घात झाला तो तिथंच. इतकी वर्षं फलक वाचून लोक गालात हसत. पण आता खाली शिक्का होता!

"महापालिकेनं लिहून दिलंय," लोक एकमेकांना सांगू लागले, "म्हणजे यंदा खरंच!"

गर्दी अशी लोटली की बूट पायात घालायला खाली वाकलेला माणूस वर यायचा तो दुसऱ्याच काउंटरपाशी. टोकदार बूट पहिल्याच दिवशी संपले! एक निवृत्त शाळामास्तर तर काकांचा हात हातात घेऊन डोळे पुसू लागले. "माझ्या पहिल्या नोकरीचे बूट तुमच्याकडचे हो! आठवण म्हणून एक जोड द्या."

"मास्तर, तुमचा नंबर नऊ. आता आठच उरलाय."

"आठवणीला नंबर नसतो!" म्हणत मास्तरांनी आठ नंबरात पाय कोंबला आणि मघापेक्षा जास्त रडले.

घड्याळवाल्यानं भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. तो हसत नव्हता. काकांनी घड्याळ घेतलं, चेहरा पडलेला ठेवला आणि मनात उड्या मारल्या.

तेवढ्यात काकू भाजीची पिशवी घेऊन गर्दीतून वाट काढत आल्या.

"अहो! तुम्ही निवृत्त होताय, आणि हे मला भाजीवाली सांगते?"

"अगं, हळू बोल. धंद्याची युक्ती आहे."

"नक्की ना? दिवसभर घरी नाही ना बसणार? आधी सांगा, त्या घरात मी राहते!"

काकांनी शपथ घेतली. खरं तर दुकान म्हणजे त्यांचा जीव. घरी ते जेवायला आणि झोपायला जात. बाकी आयुष्य त्यांनी गल्ल्यामागच्या त्या खुर्चीत काढलं होतं.

सेलच्या शेवटच्या संध्याकाळी दुकानाचा जागामालक एका माणसाला घेऊन आला. त्या माणसाच्या हातात टेप होता. काकांना वाटलं, मोठ्या पायाचं गिऱ्हाईक असेल. पण तो भिंत मोजू लागला!

"आइसक्रीमवाले आहेत," जागामालक म्हणाला. "उद्यापासून जागा रिकामी ना? तुमच्या गल्ल्याच्या जागी फ्रीज येईल."

"फ्रीज? अहो, मी कुठं जातोय!"

"असं कसं?" मागून आवाज आला. निरीक्षक बाई! हातात कुलूप. "परवान्याची अट आहे, काका. सेल संपला की दुकान बंद. परवानाधारकाला वर्षभर या जागेत धंदा करता येत नाही. गल्ल्यावरसुद्धा बसता येत नाही."

काकांच्या पायाखालची फरशी सरकली. "बाई, ते नुसतं लिहायचं असतं हो! मी दरवर्षी लिहितो!"

"म्हणजे दरवर्षी फसवता?"

मग लंगडत मास्तर पुढे आले.

"बंद होणार नाही? मग मी रडलो कशासाठी? माझी करंगळी बघा!"

"माझं घड्याळ!" रस्त्यापलीकडून हाक आली.

"ज्यांना फसवलं त्यांचे पैसे परत करा," बाई शांतपणे म्हणाल्या, "नाहीतर कुलूप लावू द्या. काय ते ठरवा."

काकांनी गल्ल्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं आणि तिच्यात मटकन बसले. "उद्यापासून मी घरी," ते पुटपुटले.

हे शब्द मघापासून दारात उभ्या असलेल्या काकूंच्या कानावर पडले मात्र, विजेचा झटका बसावा तशा त्या पुढे आल्या!

"बाई, धंदा परवानाधारकानं करायचा नाही ना? त्याच्या बायकोनं केला तर?"

बाईंनी नियम आठवून पाहिले. "नवा परवाना काढला तर चालेल. नवी फी, नवं नाव, नवी मालकीण."

"आणि हे इथं कामाला राहिले तर?"

"नोकर म्हणून? चालेल. गल्ल्यापासून लांब."

"लावा आज कुलूप. उद्या माझ्या नावानं उघडते!" काकू जागामालकाकडे वळल्या. "आणि तुम्ही भाडं जरा वाढवून घ्या, पण त्या फ्रीजवाल्याला आधी बाहेर काढा!"

अशा रीतीनं काकांचं दुकान एकदाचं खरोखर बंद झालं, आणि वाचलंही.

आता हिशेब. महापालिकेला दोन फी मिळाल्या. जागामालकाला भाडं वाढवून मिळालं. मास्तरांची करंगळी सुजली, पण त्यांना काकूंनी नऊ नंबर बदलून दिला. घड्याळ परत गेलं. काका बुटक्या स्टुलावर बसून लोकांच्या पायात बूट चढवतात, आणि सेल्समन त्यांना "जरा हात चालवा!" म्हणतो. त्या धावपळीत परवा काकांची स्वतःची चप्पल तुटली. समोरच्याच फळीवरची एक जोडी त्यांनी सवयीनं उचलली आणि पायात घातली.

"अहो," गल्ल्यावरून आवाज आला, "पावती करून घ्या. आपल्याकडे सवलत बंद आहे."

काकांनी पूर्ण किंमत मोजली.