गॅल्व्हनाइज झालेलं गाव

तळ्याचा गाळ निम्मा निघाला, तेव्हा सांगलीहून एक साहेब आटपाडीजवळच्या एका गावात आले आणि इंग्रजीत बोलून गेले. "लालासाहेब हॅज गॅल्व्हनाइज्ड द होल व्हिलेज!" गावाला श्रमदानाला जुंपणारे लालासाहेब म्हणजे निवृत्त सुभेदार. त्या वाक्यातलं त्यांना आपलं नाव तेवढं कळलं. पण चारचौघांत 'समजलं नाही' कसं म्हणायचं? त्यांनी हात जोडून मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दारात ही गर्दी. सगळ्यांत पुढं हरणाबाई.

"आवं सुभेदार, माज्या गोठ्याला पत्रा जरा जाड बगा."

"कसला पत्रा?"

"आता लाजू नगा! गॅल्व्हनाइज म्हंजी पत्राच की. आक्ख्या गावाला देणार म्हून सायेब बोललं, तुमी मान डोलवलीसा."

आतून त्यांच्या पत्नी, मनुबाई, कडाडल्या, "हितं सैपाकघर गळतंय, आन् ह्ये गावाला पत्रं वाटत्यात!"

नाही म्हणावं, तर सुभेदारानं शब्द फिरवला असं होणार. लालासाहेबांनी सांगलीच्या विश्रामबागेत इंग्रजी शिकवणाऱ्या पुतणीला, संयोगिताला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला.

"काका, गॅल्व्हनाइज म्हणजे लोकांना चेतवणं, कामाला लावणं. गॅल्व्हानी नावाचे इटलीत शास्त्रज्ञ होते. त्यांच्या प्रयोगात मेलेल्या बेडकाचा पाय विजेनं टुणकन उडाला. त्यांच्यावरून हा शब्द आला. पत्र्यालाही त्यांचंच नाव."

लालासाहेबांचा जीव भांड्यात पडला.

"म्हंजी सुभेदार वीज," गर्दीतला तानाजी सावकाश म्हणाला, "आन् आमी?"

"मेल्यालं बेडूक!" हरणाबाई फणकारली. "निम्मं तळं काय मरून उपसलं व्हय आमी? उचला रं खोरी! दावूया त्या सायबाला!"

पत्रा राहिला बाजूला. उरलेल्या कामाला महिना लागेल असा लालासाहेबांचा हिशेब होता. आठवडा सरायच्या आत तळ्याचा तळ दिसला. हुकूम सोडायला त्यांना सवडच मिळाली नाही. हरणाबाईनं त्यांच्याच डोक्यावर गाळाची पाटी दिली आणि वर "चला, बिगीबिगी!" म्हणाली.

ही बातमी ऐकून शेजारच्या गावचे सरपंच वीरधवल मोटारसायकलवरून आले. तळं बघून झालं, चहा झाला, तरी ते उठेनात. शेवटी त्यांनी आवाज खाली आणला.

"सुभेदार, त्या सायबाला आमच्याकडं बी धाडा की. आमच्या लोकास्नी कायतरी वंगाळ बोलायला सांगा."

"ते तुमी सोता बोला की!"

"मराठीत रोज बोलतोय गड्या. काय बी उपेग न्हाई!"