बुडणाऱ्या जाकिटांची हकीकत

श्रीजलदेवता समर्थ. ज्या पाण्यावर राज्याची नाव चालते त्या पाण्यास आधी दंडवत, मग साहेबांस. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, भाद्रपद मासी धरणकाठी जे घडले ते राई-रती न वाढविता लिहोन पाठवावे ऐसी आज्ञा जाहली, सबब लिहिले.

ते समयी राज्यात एक थोर धरण होते आणि त्याच्या फुगवट्याने ऐलवाडी व पैलगाव या दोन गावांची ताटातूट जाहली होती. शाळा पैलगावी, मुली ऐलवाडीच्या, आणि पाण्यास वळसा घालोन जावे तर सात कोस. मधल्या पाण्यावर तानूबाई तारू यांची नाव चाले. बाई पन्नाशीच्या, अंगाने काटक, बोलणे मोजके, आणि बावीस वर्षांत त्यांच्या नावेत मुलीचे दप्तरसुद्धा भिजले नव्हते. रोज अकरा मुली नेत आणि आणीत, त्यांत उशिरा जाहलेली त्यांची लेक मंजुळा हीही होती. मग कचेरीहून हुकूम सुटला की प्रत्येक उतारूच्या अंगी तरंगते जाकीट असल्याविना नाव पाण्यात घालू नये. हुकूम वाजवी होता. बाईंनी तो मस्तकी धरिला आणि शाळेचे वाघचौरे गुरुजी यांस विचारिले, "गुरुजी, ही जाकिटं मिळत्यात कुठं?" गुरुजींनी मोबाइल काढिला. राज्यात तेव्हा एक पेठ होती, तिला भिंत नाही, दार नाही, दुकानदाराचे तोंड कोणी पाहिले नाही, आणि तरी घरोघरी तिचाच माल. त्या पेठेत जाकिटाचे पान उघडले तों चित्रात एक धिप्पाड गृहस्थ समुद्रावर पाठ टेकोन पहुडले आहेत आणि हसताहेत. खाली लिहिले की शंभर किलो भार सहज तोलील, राज्याची मोहोर आहे, बालकांस उत्तम. त्याखाली साडेचार तारे आणि हजारो लोकांची वाहवा. गुरुजींनी बारा जाकिटे मागविली, आणि त्याच पाण्याच्या वरल्या अंगास माथेघाटी नाव चालविणारे हैबती नगरे यांनी पुसिले तेव्हा त्यांसही तेच पान दाखविले. गुरुजी सज्जन. त्यांच्या मनी कपट ते काय असावे?

माल आज येतो, उद्या येतो, ऐसे करीत हैबतींकडे आधी पोचला आणि ऐलवाडीस शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास दाखल जाहला. तोवर नाव बंद, सबब मुली घरीच होत्या, आणि गुरुजी त्या दिवशी रजा घेवोन काठी आले होते. नारिंगी झळझळीत रंग, पाठीवर चंदेरी पट्टा. मुलींनी काठावरच अंगात घातली आणि एकमेकींस पाहोन हसू लागल्या. तानूबाईंनी एक जाकीट तळहाती तोलिले, अंगठ्याने दाबिले, आणि ते दाबिले ते दाबिलेच राहिले.  म्हणाल्या, "पोरींनो, काढा ती. आधी मी उतरते." गुरुजी म्हणाले, "अहो बाई, मोहोर आहे की त्यावर!" बाई बोलिल्या, "मोहोर कोरड्यावर मारल्याली हाय, गुरुजी. पाण्यानं अजून मारली न्हाई." मग कमरेस दोर बांधिला, टोक गुरुजींच्या हाती दिले, जाकिटाचे बंद आवळिले आणि दोन पुरुष खोल पाण्यात उडी घातली.

पहिल्या क्षणी जाकिटाने बाईंस उचलोन धरिले आणि काठावर टाळ्या वाजल्या. मग छातीपाशी काही गार शिरू लागले. जाकीट पाणी पिऊ लागले, जैसी वाळकी भाकर आमटी पिते तैसे, आणि पळभरात ते अंगावर ओल्या पोत्याऐसे जाहले. बाई पट्टीच्या पोहणाऱ्या, परंतु हात वर येईना, बंद सुटेना, कडी दाबावी तर कडी फुगलेल्या कापडात रुतोन गेलेली. पाणी हनुवटीस लागले, मग ओठांस, मग डोळ्यांवरोन गेले. वर उजेड हिरवा दिसत होता आणि दूर जात होता. बावीस वर्षे ज्या पाण्यावर बसल्या त्या पाण्याचे भय बाईंस कधी वाटले नव्हते, ते तेव्हा वाटले, आणि आपल्या जिवाचे नव्हे, मनात इतकेच आले की मंजुळेस कडी सुटली नसती, तिची बोटे लहान आहेत. तेवढ्यात दोरास हिसका बसला. गुरुजी आणि दोघी थोरल्या मुली मिळोन ओढीत होत्या. बाई काठास लागल्या, चिखलात ओणव्या जाहल्या, पाणी ओकल्या, आणि मंजुळा गळ्यास पडोन "आई, आई" इतकेच म्हणत राहिली.

गुरुजींनी चाकूने जाकीट फाडिले. आत गादीवाल्याच्या दुकानी उरतो तैसा स्पंजाचा चुरा आणि खोक्यांचे तुकडे.  तेथेच उभे राहोन त्यांनी पेठेच्या ग्राहकसेवेस फोन लाविला आणि आवाज मोठा केला. प्रथम एक गोड आवाज आला की आपला कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे. मग सनई वाजली. मग एक दाबावे, दोन दाबावे, चार दाबावे, ऐसे करीत अखेर कोणी मानवी गृहस्थ प्रकटले.

"बोला सर, मी तुमची काय मदत करू शकतो?"

"अहो, तुमची जाकिटं बुडतायत! बाई मरता मरता वाचली!"

"झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व, सर. प्रॉडक्ट वापरलंय का?"

"पाण्यात घातलं म्हणजे वापरलंच की!"

"वापरलेला माल रिटर्न होत नाही, सर. शिवाय पानावर तळाशी लिहिलंय, फक्त फोटो काढण्यासाठी, जलक्रीडेसाठी नाही."

गुरुजींनी पान उघडिले. खाली, सर्वांत खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत ते खरेच लिहिले होते. तानूबाईंनी ओल्या हाती फोन घेतला आणि बोलिल्या, "दादा, माल तुजापाशीच राहू दे. ते पान तेवढं बंद कर. अजून कुणी कुणी घेतलंय त्यास्नी सांग."  मग हलक्या आवाजात ते गृहस्थ म्हणाले, "मावशी, ते माझ्या हातात नाही हो," आणि पुन्हा सनई वाजली.

कोणी कोणी घेतले, हे शब्द बाईंच्याच तोंडचे, ते बाईंस उलटोन लागले. उठोन उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "गुरुजी, हैबती!" शनिवारची शाळा अकरास सुटते, आणि अकरास पाव तास होता. हैबतींचा फोन लावावा तर माथेघाटी रेंज नाही. मग गुरुजींनी मोटारसायकल काढिली, बाई ओल्या लुगड्यानिशी मागे बसल्या आणि खडीच्या वाटेने घाट चढू लागले.  बाईंचे दात वाजत होते.

घाटावर पोचल्या तों नाव निम्म्या पाण्यात. आणि काय पाहिले? हैबती एरवी आठ जणांवर नववा घेत नसत, परंतु जाकिटांच्या भरवशावर त्या दिवशी पंधरा लेकरे बसविली होती. नाव काठोकाठ बुडालेली, नारिंगी रंग उन्हात झळकतो आहे, आणि दोघी मुली बाहेर ओणवोन पाण्यात हात खेळवीत आहेत. गुरुजींनी हाक घालावयास तोंड उघडिले, तों बाईंनी त्यांच्या तोंडावर हात दाबिला. "गप ऱ्हावा! हाक ऐकून पोरं एका अंगाला आली तर नाव उलटंल."

मग त्या दोघांस काही करिता येईना. ओरडावे तरी घात, न ओरडावे तरी घात. बाई खडकावर खाली बसल्या, तोंडास हसू आणिले, आणि हात जमिनीलगत धरोन हळू हळू हालविला, की सावकाश, सावकाश. हैबतींनी ते पाहिले आणि तानूबाई येथे कैशी, ऐसे नवल करीत वल्हे मंद केले. वारा सुटला. नावेत थोडे पाणी आले. एक मुलगी उभी राहिली, मग बसली. बाईंच्या मुठीत खडी होती ती तळव्यात रुतोन रक्त आले, ते त्यांस नंतर कळले. काठास टोक लागले तैशा बाई गुडघाभर पाण्यात गेल्या आणि एकेका लेकरास काखेत धरोन उतरवू लागल्या, एक, दोन, सात, अकरा, पंधरा. पंधरावे जमिनीवर आले तेव्हा हसू गेले आणि हुंदका आला. हैबती म्हणाले, "काय गं तानूअक्का, झालं तरी काय?" बाईंनी एक जाकीट उचलोन पाण्यात टाकिले आणि वर धोंडा ठेविला नाही, काही केले नाही, नुसते पाहात राहिल्या. ते थोडा वेळ तरंगले, मग आपणच खाली गेले. हैबती वाळूत मटकन बसले आणि सांजेपर्यंत वल्ह्यास शिवले नाहीत.

पुढे तालुक्याच्या दुकानी जाऊन, माल विहिरीत बुडवोन पाहोन, खरी जाकिटे आणिली, तोवर वीस दिवस मुली सात कोस फिरोन शाळेस गेल्या. गुरुजींनी पेठेस तीन पत्रे लिहिली. उत्तर आले की आपली तक्रार निकाली निघाली आहे. जाकीट बुडते ऐसा अभिप्राय लिहिला, तो नियमांत बसत नाही म्हणोन काढिला गेला. ते पान मात्र आठ दिवसांत नाहीसे जाहले. बाईंस बरे वाटले. मग महिन्याने गुरुजींनी पाहिले तों तेच धिप्पाड गृहस्थ, तोच समुद्र, तेच हसणे, जाकीट तेवढे निळे आणि विकणाऱ्याचे नाव निराळे. खाली कोणा आईने लिहिले होते, "मुलांसाठी घेतले. रंग सुरेख आहे. अजून पाण्यात घातलेले नाही." गुरुजींनी ते वाचोन दाखविले. बाईंनी विचारिले, "कुठली हाय ती बाई?" गुरुजी म्हणाले, "नाव-गाव काही दिसत नाही."

येणेप्रमाणे वर्तमान. ऐलवाडी आणि माथेघाट येथील सव्वीस लेकरे खुशाल आहेत. त्या आईचा ठिकाणा कोणास ठाऊक असल्यास तिजकडे हा कागद आधी पोचवावा, साहेबांनी मागाहून वाचिला तरी चालेल.