खैरी नाल्याचा मान

डोंगरखैरी गावाला पावसाळ्यात बाकीच्या जगाशी जोडणारी एकच व्यवस्था होती, ती म्हणजे रामटेक्यांचा खांदा. इंग्रजांच्या काळी जंगलसाहेब दौऱ्यावर आला की खैरी नाल्याच्या काठी बूट न काढता थांबे, आणि देवराव रामटेके मास्तरांचा आजा झिंगू त्याला खांद्यावर बसवून पलीकडे नेई. ती बेगार होती. गावातल्या दुसऱ्या कोणाच्या आजाला तो मान कधी मिळाला नाही, आणि कोणी मागितलाही नाही.

पुढे रामटेक्यांच्या मोहल्ल्यात बुद्धविहार झाला, पोरं शिकली, देवराव मास्तर झाले. १९८४ साली त्यांनी आत्मकथनात्मक कादंबरी लिहिली. एक प्रसंग सोडला तर तीत सगळं खरं होतं. त्या प्रसंगात भर पुरात झिंगू साहेबाला नाल्याच्या मधोमध टाकून देतो. तो लिहिताना मास्तरांना रडू आलं होतं.

त्यांची आई मनकर्णाबाई यांनी तो प्रसंग ऐकून घेतला.

"तुह्या आजानं कोणाले पाडलं नाई, बाबू. त्याची पाठ वाकली, पन साहेबाचा बूट ओला झाला नाई."

"माय, कादंबरी होय ते."

"मंग ठीक हाये. पुलाचं काय झालं?"

पुलाचा प्रश्न खरा होता. मायला दमा होता. मागच्या आषाढात तिला दवाखान्यात नेताना खाट खांद्यावर घेऊन नाला ओलांडावा लागला आणि पाणी खाटेच्या दोऱ्यांना लागलं. आता कुठे पूल मंजूर झाला होता आणि मोजणीचे दगडही रोवले गेले होते.

तेवढ्यात नागपूरच्या एका समीक्षकाने कादंबरीला 'सामूहिक स्मृतीचा वसाहतोत्तर हुंकार' म्हटलं. गावाला बाकीचं समजलं नाही, पण आपण सामूहिक आहोत एवढं पक्कं कळलं. दुसऱ्याच दिवशी सोमाजी पाटील मास्तरांच्या दारात आले.

"मास्तर, साहेबाले पाडाले माहा आजाबी होता."

"भाऊ, तुमचा आजा त काठावरून आमच्या आजाले हाका देत होता."

"हाका देल्या म्हनूनच त साहेब पडला ना."

किराणावाल्या नवाबभाईंचे आजोबा त्या वर्षी बल्लारपुरात होते, तरी त्यांचाही एक हात लागल्याचं निघालं. दिवाळीपर्यंत त्या एकट्या साहेबाला अख्ख्या गावाच्या आज्यांनी पाडून झालं होतं. ग्रामस्मृती संवर्धन समिती स्थापन झाली आणि तिच्या ठरावात झिंगूचा उल्लेख 'इत्यादी' या शब्दाने करण्यात आला.

ठराव तहसीलदारसाहेबांना फार आवडला. त्यांनी निर्णय दिला की पूल झाल्यास नाला ओलांडण्याची गरज उरणार नाही, गरज न उरल्यास स्मृती उरणार नाही, सबब पुलाचे काम स्थगित. मोजणीचे दगड उपटून गावाकडच्या काठावर स्मारकाचा चौथरा बांधण्यात आला.

श्रावणात उद्घाटन ठरलं. तहसीलदारसाहेब रस्त्याकडच्या काठावर येऊन बूट न काढता थांबले. सगळं गाव जमलं होतं. सोमाजी पाटलांनी मास्तरांच्या पाठीवर हात ठेवला.

"चला मास्तर. मान तुमचाच."

"आजे त सगळ्यायचे होते ना, भाऊ?"

"पाडाले सगळ्यायचे होते. उचलाले तुमचाच होता."

मास्तरांनी साहेबांना खांद्यावर घेतलं. नाल्याच्या मधोमध पाणी कमरेला लागलं तेव्हा ते थांबले.

"साहेब, पुलाचं बघा. माझ्या मायला दमा आहे."

"अहो, तुमच्याच पुस्तकाने हे पाणी पवित्र झालं," वरून उत्तर आलं. "इथे काँक्रीट कसं ओतायचं?"

खांदा झटकला की झालं असतं. कादंबरीत ते एका ओळीत झालं होतं. पण समोरच्या काठावर माय धापा टाकत बसली होती, आणि ती ज्या घरात राहत होती ते मास्तरांच्या सरकारी पगारावर चालत होतं. आजाने साहेबाला का पाडलं नाही, हे मास्तरांना पुस्तक लिहिताना सुचलं नव्हतं, ते तिथे पाण्यात कळलं. त्यांना स्वतःची लाज वाटली आणि आजाची फार आठवण आली. मग त्यांनी साहेबांना अलगद पलीकडे उतरवलं.

संध्याकाळपर्यंत गावातल्या प्रत्येकाने मास्तरांना साहेबाला पाडताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. कोरड्या कपड्यांत उभ्या असलेल्या साहेबांनीही आपल्या भाषणात ते गौरवाने मान्य केलं.

आता दुसरी आवृत्ती निघाली आहे. मनकर्णाबाईंची खाट अजून नाल्यातूनच जाते. पुस्तक मिटून डोळे पुसलेले वाचक नागपूर-पुण्याहून ती जागा पाहायला येतात. तुम्हीही या. चौथरा पलीकडे आहे, मास्तर अलीकडे काठावरच भेटतील. बूट काढायची गरज नाही.