पुढचं मऊ, मागचं कडक

माझ्या पुतण्याच्या लग्नात तुपे काकांनी गुलाबजामचा कडकपणा मोजला होता. पंगत बसली होती, वाढपी पुढे सरकला होता, आणि काकांनी सदऱ्याच्या खिशातून घड्याळाएवढं एक गोल मीटर काढून त्याचं बोथट टोक गुलाबजामावर टेकवलं. काटा जागचा हलला नाही. "शून्य," ते शेजारच्या अनोळखी पाहुण्याला म्हणाले. "पकड लई हाय, पण टिकणार नाय." मग त्यांनी तो खाल्ला आणि आणखी दोन मागवले.

ते मीटर रबरासाठीचं; आकडा जितका मोठा तितकं रबर कडक. काका वाळूजच्या एका कारखान्यात तीस वर्षं रबर मिसळायच्या विभागात होते. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी साहेबांना सांगितलं म्हणे, शाल-नारळ राहू द्या, हे द्या. तेव्हापासून आमच्या इमारतीत मोजायचं काही उरलेलं नाही. माझी चप्पल पंचावन्न. माझ्या मुलीचं, सुजाताचं, खोडरबर एकेचाळीस. सोसायटीच्या सचिवांच्या खुर्चीची गादी तीस, आणि त्यामुळेच ते बैठकीत झोपतात, हे काकांचं निदान. माणसं भेटल्यावर आपण तोंडाकडे बघतो; काका आधी पायातल्या सोलकडे बघतात.

आमची दारं समोरासमोर. काकू थोरल्या मुलाकडे नाशकात असतात. काकांना तिथे करमत नाही, आणि काका तिथे गेले की तिथल्यांनाही करमत नसावं. मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे, बोलणं मला फारसं जमत नाही. सहा वर्षं आमच्यात मान हलवण्यापलीकडे काही नव्हतं. मग सुजाताची आई गेली.

सुजाता तेव्हा सतरा वर्षांची होती. त्या दिवसांत आमच्याकडे येणारं प्रत्येक माणूस हळू आवाजात बोलायचं. चहासुद्धा लोक आवाज न करता प्यायचे. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन आठवडा झाला असेल, एका दुपारी काका येऊन बसले. मग त्यांची नजर भिंतीला टेकवलेल्या सुजाताच्या डोंगरी सायकलवर गेली. ते उठले, पुढच्या टायरवर मीटर टेकवलं, मग मागच्यावर, आणि ओरडले, "हे कुणी बसवलं?"

महिनाभरात आमच्या घरात उच्चारलेलं ते पहिलं मोठ्या आवाजातलं वाक्य.

सुजाता आतून आली. "मीच."

"पुढचं कडक अन् मागचं मऊ? उलटं केलंय, सुजाबाई! मरायचंय काय?"

बोलून गेल्यावर काकांनी जीभ चावली. मी जमिनीकडे बघत बसलो. सुजातानं सायकल भिंतीपासून ओढून त्यांच्यासमोर उभी केली आणि म्हणाली, "मग कसं पाहिजे?"

कसं पाहिजे ते काकांनी पुढचा दीड तास सांगितलं. पुढचं चाक वाट धरतं, मागचं ढकलतं. मागचं घसरलं तर नुसतं नाचतं, पुढचं घसरलं की माणूस आडवा. म्हणून पुढे मऊ रबर, दगडाला चिकटून बसणारं. आणि मागे कडक, कारण सगळा भार तिथे, मऊ असलं तर महिन्यात झिजून त्याचा गोटा होतो. हे झालं वरच्या रबराचं, म्हणजे कंपाउंडचं. पण काकांच्या मते टायर म्हणजे गोधडी. वरचे रंगीत तुकडे सगळे बघतात, आत काय घातलंय ते कुणी बघत नाही. त्या आतल्या कापडाला केसिंग म्हणतात, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. बारीक धाग्याचं पातळ केसिंग जमिनीच्या अंगानं वाकतं, हलकं पळतं, आणि आपल्याकडच्या काळ्या दगडाची धार लागली की कुशीतून फाटतं. जाड केसिंग फाटत नाही, पण चढावर जीव काढतं.

"मग कुठलं घ्यायचं?" सुजातानं विचारलं.

"ते रस्ता सांगंल. तुमी जाऊन या, अन् मला सांगा."

इथून ते सुरू झालं. सुजाता पहाटे दौलताबादच्या पलीकडच्या टेकड्यांत जायची आणि नऊच्या सुमारास परत यायची. काका जिन्यात पायरीवर बसलेले असायचे. तिनं हेल्मेट काढायच्या आत पहिला प्रश्न.

"काय झालं?"

"काही नाही. एकदा घसरले."

"घसरले म्हणू नका. कसं घसरलं ते सांगा. ओल्या साबणावानी, का फरशीवर ज्वारी सांडल्यावानी?"

"ज्वारीसारखं."

"म्हंजी खाली मुरूम. पुढचं का मागचं?"

"मागचं. पण काका, आधी ते थोडं थांबलं. म्हणजे, विचार केल्यासारखं."

"विचार केल्यासारखं!" काकांनी मांडीवर थाप मारून उघड्या दारातून माझ्याकडे बघितलं. "सर, ऐकलं का? रबर विचार करतंय! हे एकसष्टच्या वरचं हाय, मी सांगतो." आणि मीटर टेकवलं. बासष्ट.

मी दाराच्या आत पुस्तक घेऊन बसलेला असायचो. पान उलटत नसे. घरात दिवसाला तीन वाक्यं बोलणारी माझी मुलगी जिन्यात अर्धा अर्धा तास एकेका वळणाबद्दल बोलत होती, हात हलवत, आवाज चढवत, मधेच हसत. काकांना तेवढंही पुरत नसे. "वळताना पोटात काय झालं? कानाला वारं कुठल्या बाजूनं लागलं?" टायर निवडायला कानाचं काय काम, हे मला कळत नव्हतं, पण तीस वर्षं रबर मिसळलेल्या माणसाला मी काय विचारणार?

मग स्पर्धा जाहीर झाली. त्याच टेकड्यांत, बारा वळणांचा उतार. एकेकाला मिनिटाच्या अंतरानं सोडणार, आणि पहिल्या तीन मुली जिल्ह्याच्या संघात. सुजातानं सांगितलं की तिला हे हवंय. आई गेल्यापासून तिनं काही हवं असल्याचं सांगितलेलं मला आठवत नव्हतं.

काकांना झपाटल्यासारखं झालं. तो उतार ते नऊ वेळा पायी चालून आले, मागे हात बांधून, शेत बघायला आलेल्या मालकासारखे. वळणांना त्यांनी नावं ठेवली. वरून साधं दिसतं ते 'सासू'. घाई केली की काम बिघडतं तो 'तहसीलदार'. डावीकडे दाखवतो आणि उजवीकडे नेतो तो 'वकील'. प्रत्येक वळणावरचा एक दगड पिशवीतून गच्चीवर आला. बारा दगड ओळीनं मांडून काका त्यांवरून टायरच्या पट्ट्या ओढायचे. पट्टीवर वीट बांधलेली, पुढे ताणकाटा लावलेला, एकदा कोरडं, एकदा तांब्यानं पाणी शिंपडून. किती जोर लागला ते वहीत.

खालच्या मजल्यावरच्या खानचाची कपडे वाळत घालायला आल्या आणि दारातच थबकल्या. "क्या तुपे भाई, छत पो टायर सुखा रै? पापड होते क्या इनके?"

"चाची, जरा बाजू हो जाओ, तहसीलदार पो खडे है तुम."

चाचींनी पायाखाली बघितलं, दगड दिसला, आणि त्या कपडे तसेच घेऊन खाली गेल्या. संध्याकाळी त्यांनी मला जिन्यात गाठून हळूच विचारलं, "सर, उनकी तबियत तो ठीक है ना?"

तबियत उत्तम होती. क्रांती चौकातल्या सायकलच्या दुकानदाराची मात्र बिघडायच्या बेतात होती. काका तिथे जाऊन टांगलेल्या प्रत्येक टायरवर मीटर टेकवायचे आणि गिऱ्हाईकांसमोर आकडा मोठ्यानं सांगायचे. "याच्यावर पन्नास लिवलंय, हाय सत्तावन्न! हे लई दिवस टांगून ऱ्हायलंय बिचारं." शेवटी दुकानदार हात जोडून म्हणाला, "काका, आत गोदामात बसा. पाहिजे तेवढे मोजा. चहा पाठवतो." काका दोन दिवस गोदामात होते.

खरं भांडण झालं ते स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात. सुजाताला दोन्हीकडे पातळ केसिंग हवं होतं. "काका, जाड घेतलं तर दोनशे ग्रॅम वाढतात!"

"दोनशे ग्रॅम म्हंजी दोन पेरू. दोन पेरू खिशात घालून पळता येत नाय व्हय?"

"बाकीच्या मुली पेरू नेणार नाहीत!"

"बाकीच्या वकिलापाशी टायर फाडून बसतेल! मागचं चाक त्या धारेवर आपटतंच. मी चारदा वाकून बघितलंय."

मला राहवलं नाही. मी आतून म्हणालो, "दोन्हीकडे जाडच घाला की. पडायला नको."

काका माझ्याकडे वळले. इतके गंभीर ते मी कधी पाहिले नव्हते. "सर, भीतीनं टायर निवडत नसतेत. पुढं जाड घातलं तर हाताला जमीन कळणार नाय. अन् जमीन कळली नाय की मग पडतं माणूस."

शेवटी ठरलं: पुढे पन्नासचं मऊ रबर आणि पातळ केसिंग, मागे साठचं कडक आणि जाड. सुजातानं एक पेरू मान्य केला, असं काका म्हणाले. त्यांनी टायर स्वतः बसवले. साबणाचं पाणी लावून, नुसत्या अंगठ्यांनी, कुठलंही हत्यार न घेता.

स्पर्धेच्या सकाळी आम्ही पोचलो तेव्हा सुजाता वर निघून गेली होती. काकांना वकिलापाशी उभं राहायचं होतं. तिथवर जायला खालून दोन किलोमीटरची सपाट पायवाट होती. आयोजकांपैकी एक भला माणूस म्हणाला, "काका, चालत वेळेत नाही पोचणार. ही सायकल घ्या, ही सरांना द्या." आणि त्यानं एक सायकल काकांच्या हातात दिलीसुद्धा.

काकांनी हँडल धरलं. ते तसेच उभे राहिले. मी टांग टाकून थांबलो होतो.

"चला ना."

"सर," ते म्हणाले, "मला येत नाय."

मला वाटलं, गिअर टाकायला येत नाही.

"सायकल. चालवायला येत नाय."

फुलंब्रीच्या पुढे त्यांचं गाव. घरात एकच सायकल, थोरल्या भावाची. काका तिच्या मागे पळायचे, शाळेपर्यंत रोज. "पळत पळतच मोठा झालो. मग कारखान्याची बस यायची. मग लग्न. चाळिशीत मागून कॅरेजला कोण धरणार? ऱ्हाऊन गेलं."

"पण हे सगळं... टायर..."

"टायर कळतं मला. घासून, दाबून, तोडून, कसंबी सांगा. पण ते जमिनीला लागल्यावर वर बसलेल्या माणसाला काय होतं, ते मला कुणी कधी सांगितलं नव्हतं." त्यांनी सायकल त्या माणसाला परत दिली. "सुजाबाईला सांगू नका. तिचा इस्वास बसलाय."

आम्ही दोघं चालत निघालो. चालत म्हणजे काका पळतच होते. साठी ओलांडलेला माणूस, पायात चप्पल, हात मागे बांधायची आठवण राहिलेली नाही. मी धापा टाकत मागे.

वकिलापाशी पोचलो आणि वरून शिट्टी ऐकू आली. पहिली मुलगी गेली. दुसरीचं मागचं चाक त्या धारेवर आपटलं, फुस्स झालं आणि ती सायकल खांद्यावर घेऊन उतरू लागली. काकांनी माझं मनगट धरलं. मग धूळ दिसली, सुजाताचं निळं हेल्मेट दिसलं. काकांनी डोळे गच्च मिटले.

चार सेकंदांचं काम. सायकल डावीकडे झुकली, मागचं चाक धारेवर आपटून नाचलं, पुढचं जागचं हललं नाही, आणि सुजाता उजवीकडे खाली दिसेनाशी झाली.

"गेली?"

"गेली."

"उभी?"

"उभी."

काकांनी मनगट सोडलं. त्यावर त्यांच्या बोटांचे वळ उठले होते.

खाली आलो तेव्हा सगळ्या मुली उतरल्या होत्या आणि टेबलाशी वेळा जुळवणं चाललं होतं. सुजाता कडुलिंबाखाली सायकल आडवी टाकून बसली होती. कोपर खरचटलेलं, डोळे लकाकणारे. काका पाण्याच्या टाकीपाशी तोंड धुवायला थांबले. तेवढ्यात माझ्याच्यानं राहवलं नाही. मी तिच्याजवळ वाकलो. "सुजू, काकांना..."

"सायकल येत नाही," ती म्हणाली. "माहितीये, बाबा. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं होतं, पुढचा ब्रेक कुठल्या हाताला असतो."

"मग तू काही बोलली नाहीस?"

"काय बोलायचं? मला त्यांना येऊन किती सांगायचं असतं ना, म्हणून मी उतरताना सगळं नीट बघत जाते."

काका सदऱ्याला हात पुसत आले आणि तिच्यासमोर मांडी घालून बसले. नंबर किती आला, हे त्यांनी विचारलं नाही. "बोला," ते म्हणाले.

सुजातानं अगदी वरून सुरुवात केली. शिट्टीच्या आधी तिनं दोन्ही ब्रेक कसे दाबून बघितले. सासूपाशी खडी कशी उडाली. रबर आज विचार करत नव्हतं, काका, नुसतं हो म्हणत होतं. तहसीलदारापाशी तिनं ब्रेक सोडले तेव्हा पोटात काय झालं, आणि वारं कुठल्या कानाला लागलं.

कर्णा खरखरला. पहिलं नाव. टाळ्या. दुसरं नाव. तिसरं नाव सुजाताचं होतं.

मी उठून उभा राहिलो. ती उठली नाही. पुन्हा नाव पुकारलं, आता जरा चिडून. टेबलापाशी लोक वळून बघू लागले.

"सुजू, तुझं नाव घेतायत."

"हो बाबा," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "सांगा त्यांना, आलेच. अजून दोन वळणं राहिलीत."

मी काकांकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते, मुठी गुडघ्यांवर आवळलेल्या होत्या, आणि ते किंचित डावीकडे झुकले होते.