बघतोरावांचा प्रश्न क्रमांक चौदा

सोमवारी सकाळी सव्वानऊ वाजता गाद्यांच्या कंपनीच्या सूचनाफलकावर एक परिपत्रक लागलं. 'ऑपरेशन्स प्रमुख हे पद गेली अकरा वर्षे रिक्त असून ते तातडीने भरावयाचे आहे. इच्छुकांनी शुक्रवारी सायंकाळी पाचपर्यंत संगणकावर अर्ज भरावा. निवड झालेला उमेदवार एक तारखेस रुजू होईल.' ज्या गृहस्थांनी चार टाचण्या टोचून ते लावलं, तेच गेली अकरा वर्षं हे काम करत होते. लावून झाल्यावर त्यांनी ते वाचलं, एक कोपरा तिरका वाटला म्हणून सरळ केला, आणि मग ते पुन्हा एकदा वाचलं.

त्यांना सगळे बघतोराव म्हणत. आपल्याकडे समोरचा 'बघतो' म्हणाला की ते काम होणार नाही, हे शेंबडं पोरही जाणतं. बघतोराव हे त्याला एकमेव अपवाद. त्यांनी 'बघतो' म्हटलं की विचारणारा माणूस जिना उतरून खाली पोचेपर्यंत काम झालेलं असे. त्यामुळे कंपनीत कोणाला जिना चढून वर यायचीही फारशी गरज पडत नसे, आणि हळूहळू ते नेमकं काय करतात याचा सगळ्यांना विसर पडला होता.

ते मनुष्यबळ आणि आनंद विभागाच्या मॅडमकडे गेले. मॅडम नव्या होत्या, हसतमुख होत्या, आणि त्यांच्या टेबलावर 'हसा' अशी पाटी होती.

"अर्ज मी पण करायचा?"

"अर्थात, सर! पद्धत सगळ्यांना सारखी. तुम्ही प्रभारी आहात ना."

"अकरा वर्षं."

"हो, पण प्रभारी."

"आणि नाही झाली निवड, तर?"

"तर नव्या माणसाला सगळं काम समजावून द्यायचं आणि तुम्ही मोकळे. आपण निरोप समारंभ करतो. छान करतो," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी पाटीकडे बोट दाखवलं.

संध्याकाळी बघतोराव घरी संगणक उघडून बसले. शेजारी बायको सातवीच्या उत्तरपत्रिका तपासत होती. अर्जात चोवीस प्रश्न होते. पहिला होता, 'आपल्या सध्याच्या कामाचे स्वरूप स्पष्ट करा.' बघतोरावांनी लिहिलं, 'बघतो.' संगणकाने लाल अक्षरांत कळवलं, 'आपल्या उत्तरात एकशे नव्व्याण्णव शब्द कमी आहेत.'

"अहो, असं लिहितात का?" बायको म्हणाली. "आधी प्रश्नच उत्तरात उतरवून काढायचा. मग 'तसेच', 'त्याचप्रमाणे', 'एवढेच नव्हे तर'. माझ्या वर्गातली निम्मी पोरं एवढ्यावर पास होतात."

या पद्धतीने ते सरळ पाचव्या प्रश्नापर्यंत पोचले. सहावा होता, 'आपला सर्वांत मोठा दोष कोणता?' बायकोने लाल पेन खाली ठेवलं. "हा मी लिहिते," ती म्हणाली. शेवटी 'कमाल शब्दमर्यादा ओलांडली आहे' असं म्हणून संगणकानेच तिला आवरलं.

गाडी अडली ती चौदाव्या प्रश्नावर. 'आपण समर्थपणे हाताळलेल्या एका मोठ्या संकटाचे वर्णन करा. किमान तीनशे शब्द. दोन छायाचित्रे जोडावीत. गुण चाळीस.'

बघतोरावांनी प्रश्न पुन्हा वाचला. "संकट असं काही आलंच नाही गं."

"अकरा वर्षांत? आठवा जरा."

"एकदा गोदामात वायर जळाल्याचा वास आला होता."

"हां! मग?"

"मग मी बटण बंद केलं."

"पण मग आग कुठे लागली?"

"नाही लागली. बटण बंद केलं ना!"

"मग हे संकट नाही," बायको म्हणाली. ती शिक्षिका होती आणि प्रश्नाला धरून नसलेल्या उत्तराला तिने जन्मात गुण दिले नव्हते. बघतोरावांनी नाइलाजाने खरं ते लिहिलं, 'संकट आले नाही.' संगणकाने क्षणभर विचार केला आणि कळवलं, 'आपणास अनुभव नाही. शून्य गुण. शुक्रवारपर्यंत उत्तर बदलता येईल.'

मंगळवारी ते पुन्हा मॅडमसमोर बसले. मॅडमनी समजूत घातली. "सर, मनाला लावून घेऊ नका, पण बाकीचे उमेदवार बघा ना. एकांची दोन गोदामं जळाली आणि तिसरं पाण्यात गेलं. काय अनुभव आहे हो! सत्तावीस फोटो जोडलेत."

"तेव्हा हे कुठे होते?"

"तिथेच. तेच प्रमुख होते."

बघतोरावांनी मग आयुष्यात पहिल्यांदा आपलं काम तोंडाने सांगितलं. गुंडाळी यंत्र गादीतली हवा काढून तिची गुंडाळी करतं आणि वर प्लास्टिक चिकटवतं. सकाळी त्या यंत्राच्या डाव्या बाजूला तळहाताने दोन थापा माराव्या लागतात, नाहीतर ते नीट तापत नाही आणि चिकटवलेलं दुपारी सुटतं. पत्त्याच्या चिठ्ठ्या छापणाऱ्या यंत्राची शाईची फीत दर बुधवारी संध्याकाळी बदलावी लागते, नाहीतर गाद्यांच्या आकड्यापुढे एक गोल डाग पडतो आणि तो शून्यासारखा दिसतो. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर 'कुईं' म्हणाली की तासाभरात लिफ्टवाल्याला बोलवायचं असतं. असं बरंच. सांगता सांगता त्यांनाच ते ऐकायला फारच किरकोळ वाटू लागलं.

मॅडमना खरंच वाईट वाटलं. "पण सर, हे सगळं न घडलेल्या गोष्टींबद्दल आहे," त्या म्हणाल्या. "न घडलेल्या गोष्टींना अर्जात रकाना नाही. एखादं छोटंसं संकट तरी असेलच की. शुक्रवारपर्यंत वेळ आहे."

बघतोराव सज्जन होते. मुद्दाम संकट घडवून आणणं त्यांच्या तत्त्वात बसणारं नव्हतं. दोन दिवस विचार करून त्यांनी फक्त एवढंच ठरवलं की गुरुवारी काही बघायचं नाही. आदल्या संध्याकाळी फीत न बदलताच ते घरी गेले.

गुरुवारी ते खुर्चीत हाताची घडी घालून बसले. पावणेदहाला हमालांचा मुकादम जिना चढून आला. "साहेब, लिफ्ट कुईं करतेय."

बघतोरावांनी ओठ आवळून धरले. "हो का?" ते म्हणाले.

मुकादम थांबला. एवढ्या वर्षांत त्याला असं उत्तर कधी मिळालं नव्हतं. "तब्येत बरी आहे ना?" त्याने विचारलं आणि तो काळजीत पडून खाली गेला. बघतोरावांचे तळहात थापा मारण्यासाठी शिवशिवत होते. त्यांनी ते मांडीखाली दाबून धरले.

साडेअकराला मालकांच्या घरून मालकीणबाईंचा फोन आला. त्यांनी पाहुण्यांसाठी चार गाद्या मागवल्या होत्या, चाळीस आल्या होत्या, आणि अंघोळीला गेलेले मालक गाद्यांच्या पलीकडेच अडकले होते. बाराला एका दवाखान्यातून विचारणा झाली की आमच्याकडे खाटा आठ असताना गाद्या ऐंशी कशा. दुपारी लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधोमध थांबली. तिच्यात अकरा गुंडाळलेल्या गाद्या होत्या आणि मनुष्यबळाच्या मॅडम होत्या.

साडेतीनला गोदामातून 'फस्स' असा आवाज आला. मग आणखी एक. मग सहाशे गुंडाळ्या एकामागून एक सुटू लागल्या आणि प्रत्येक गादी, इतके दिवस दाबून ठेवलेल्या माणसासारखी, मिळेल त्या दिशेला पसरू लागली. गोदाम भरलं, मग व्हरांडा, मग जिना. हिशेबनीस खिडकीला चिकटले. स्वागतकक्षातली मुलगी गाद्यांच्या लाटेवर बसून छतापर्यंत गेली आणि तिथूनच फोन घेत राहिली. लिफ्टमधून मॅडमचा दबका आवाज येत होता, "मी ठीक आहे! खूप मऊ आहे! पण श्वास कमी पडतोय!"

"बघतोराव!" सगळी इमारत एका आवाजात ओरडली. "बघा ना!"

बघतोराव उठले. त्यांना इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. "एक मिनिट," ते म्हणाले, दोन छायाचित्रं काढली, आणि मग म्हणाले, "बघतो."

त्यांनी यंत्राला दोन थापा मारल्या आणि मुकादमाची माणसं जिन्यापासून आतल्या दिशेने कामाला लावली. लिफ्टवाला त्यांनी सकाळपासूनच समोरच्या चहाच्या टपरीवर बसवून ठेवला होता. इतकं बघणं मात्र त्यांच्याच्याने टाळवलं नव्हतं. सव्वाचारला सगळं पूर्ववत झालं. मॅडम लिफ्टमधून विस्कटलेल्या केसांनी बाहेर आल्या आणि टाळ्या वाजवू लागल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. मालकांनी घरून फोनवर टाळ्या वाजवल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदाच कोणी वाजवत होतं. बघतोरावांना लाज वाटली. त्याहून जास्त, त्या टाळ्या आवडल्या.

त्या संध्याकाळी प्रश्न चौदाचे तीनशे शब्द सरसर उतरले. बायकोने ते दोनदा वाचले.

"अहो, पण हे सगळं तुम्हीच केलंत की."

"मी काहीच केलं नाही," बघतोराव म्हणाले. "तेच तर केलं."

बायकोने जरा विचार केला. "प्रश्नाला धरून आहे," ती म्हणाली आणि तिने संगणकाच्या पडद्यावरच लाल पेनने बरोबरची खूण केली.

चाळीसपैकी एकोणचाळीस गुण पडले. एक गुण शुद्धलेखनाचा गेला. बघतोराव एक तारखेला स्वतःच्याच खुर्चीत रीतसर रुजू झाले. तीन गोदामांचा अनुभव असलेल्या उमेदवाराला सल्लागार नेमण्यात आलं. नियुक्तीपत्रासोबत मॅडमनी कामाचं उद्दिष्टही दिलं: दर महिन्याला किमान एक संकट समर्थपणे हाताळणे, छायाचित्रांसह. बघतोराव दोन दिवस ते पत्र काढून पुन्हा पुन्हा वाचत होते. त्यांना जुनी खुर्ची आठवत होती, ती हीच असूनही. तिसऱ्या दिवशी त्यांनी फीत बदलायचं सोडून दिलं.

आता त्यांच्या हाताखाली नऊ माणसं आहेत. गाद्या उशिरा जातात, दुसरीकडे जातात, कधी दहापट जातात. गिऱ्हाईक फोन करतं. बघतोराव 'बघतो' म्हणतात, आणि आता त्यांच्या 'बघतो'चा अर्थही तुमच्या-आमच्यासारखाच झाला आहे. चौथ्या फोननंतर गादी येते. गिऱ्हाईक भारावून पाच तारे देतं आणि खाली लिहितं, 'अडचण आली, पण काय तत्परतेने सोडवली!' कंपनीच्या भिंतीवर आता अशा ताऱ्यांची चौकट आहे.

आधीच्या अकरा वर्षांत वेळेवर, मागितल्या तेवढ्याच, बरोबर पत्त्यावर पोचलेल्या गाद्यांना मिळालेले तारेही मॅडमनी एकदा मोजून पाहिले. एकही नव्हता. त्यातलीच एखादी गादी तुमच्याकडे असेल. कदाचित तिच्यावरच आडवे पडून तुम्ही हे वाचताय आणि बघतोरावांना हसताय. ती आली तो दिवस आठवतोय का, बघा.